बागांना जोडणारी वाट

(शहरात बागा असतात, मैदाने असतात, नदीचा काठही असतो. पण तेथे सुखरूप पोहोचण्याची वाट असतेच असे नाही. अशा वाटांचे जाळे कसे आखतात आणि पैसे थोडे असताना आधी कोणती वाट बांधावी हे कसे ठरवतात, याची माहिती या पाठात दिली आहे. उदाहरणासाठी सिंगापूर या लहानशा देशाची निवड केली आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरापासून सर्वांत जवळची बाग किंवा मैदान किती दूर आहे? कोणी म्हणेल, अर्धा किलोमीटर. कोणी म्हणेल, एक किलोमीटर. आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्या. तुमचा आठ वर्षांचा धाकटा भाऊ तेथे एकटा पायी जाऊ शकेल का? आता मात्र तुम्ही विचारात पडाल. वाटेत मोठा रस्ता आहे. मोटारी भरधाव येतात. पदपथावर सामान मांडलेले आहे. आई त्याला एकट्याला कधीच पाठवणार नाही. म्हणजे बाग आहे. पण बागेपर्यंत जाणारी वाट नाही.

ही अडचण जगातील अनेक शहरांना जाणवली. त्यातून 'हरितमार्ग' ही कल्पना पुढे आली. हरितमार्ग म्हणजे झाडांच्या सावलीतून जाणारी, मोटारींना बंदी असलेली वाट. तिच्यावरून लोक पायी चालतात, धावतात, सायकल चालवतात. अशी एकच वाट असली, तर तिचा उपयोग थोडा. पण अनेक वाटा एकमेकींना जोडल्या, तर त्यांचे जाळे तयार होते. मग एका बागेतून दुसऱ्या बागेत, घरातून शाळेत, वस्तीतून नदीकाठी असे कोठेही जाता येते.

असे जाळे सिंगापूरने विणले. ते कसे, ते आता पाहू.

जागा कोठून आणायची?

सिंगापूर हा मलेशियाच्या दक्षिण टोकाला असलेला बेटांचा देश आहे. १९६५ साली तो स्वतंत्र झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत आज सुमारे साठ लाख लोक राहतात. घरे, कारखाने, बंदर, विमानतळ, पाणी साठवण्याचे तलाव, सारे याच जागेत बसवावे लागते. १९६७ साली तेथील पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूरला 'उद्याननगरी' करण्याचा संकल्प सोडला. रस्त्याच्या कडेला झाडे लागली, बागा तयार झाल्या. पण प्रत्येक बाग एखाद्या बेटासारखी एकटी होती. या बागा जोडायच्या, तर नवीन जमीन लागणार. आणि जमीन तर सोन्याच्या भावाची!

तेव्हा नियोजनकारांनी देशाचा नकाशा समोर पसरला आणि एक साधा प्रश्न विचारला : 'कोणाचीच नाही अशी वाटणारी जागा कोठे आहे?'

उत्तर नकाशातच होते. सिंगापूरमध्ये खूप पाऊस पडतो. ते पाणी वाहून नेण्यासाठी सर्वत्र मोठे नाले व कालवे बांधलेले आहेत. नाल्याची साफसफाई व दुरुस्ती करता यावी, म्हणून त्याच्या काठाने जमिनीची एक पट्टी मोकळी ठेवलेली असते. रस्त्यांच्या कडेलाही अशा पट्ट्या असतात. वर्षातून काही दिवस या पट्ट्यांवर कामगार दिसत. बाकीचे दिवस त्या रिकाम्या. मग त्याच पट्टीवर वाट का करू नये? सफाईच्या दिवशी सफाई होईल आणि इतर दिवशी माणसे चालतील. एकाच जमिनीचे दोन उपयोग होतील.

ही कल्पना १९९१ साली मंजूर झाली. या वाटांना तेथे 'पार्क कनेक्टर' म्हणतात. आपण त्यांना 'उद्यानजोड मार्ग' म्हणू. सुरुवातीच्या मार्गांपैकी एक कल्लंग नदीच्या काठाने गेला. पुढे एकेक तुकडा जोडत गेला. २००७ साली पूर्व किनाऱ्यावर ४२ किलोमीटर लांबीचे एक वर्तुळ पूर्ण झाले. त्या वर्तुळावर समुद्रकिनारा, बागा, जलाशय आणि दाट वस्तीचे भाग आहेत. जेथून निघालात तेथेच फिरून परत यावे, अशी ती वाट आहे. आज या सर्व मार्गांची लांबी ३०० किलोमीटरपेक्षा जास्त आहे. नॅशनल पार्क्स बोर्ड ही संस्था त्यांची देखभाल करते.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. उर्दूतही 'कतरा कतरा दरिया बनता है' असे म्हणतात. सिंगापूरचे हे जाळे असेच थेंबाथेंबाने साचले आहे.

आधी कोणती वाट?

पण थेंबाथेंबाने काम करायचे, तर पहिला थेंब कोणता? हाच नियोजनातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. नकाशावर शंभर रेघा ओढणे सोपे असते. त्या सगळ्या रेघा एकाच वर्षी जमिनीवर उतरवण्याइतका पैसा मात्र कोणाकडेच नसतो. म्हणून क्रम लावावा लागतो. याला 'अग्रक्रम ठरवणे' म्हणतात.

चला, आपण स्वतःच नियोजनकार होऊ. समजा, एका शहरात चार वाटा सुचवल्या आहेत आणि यंदा पैसे एकाच वाटेपुरते आहेत.

'अ' वाट शहराबाहेरच्या तलावाभोवती फिरते. जागा सुंदर आणि मोकळी आहे. पण जवळपास वस्ती नाही.

'ब' वाट नाल्याच्या काठाने जाते. दाट वस्ती, दोन शाळा आणि एक बाग यांना ती जोडते.

'क' ही वाट फक्त शंभर मीटरची आहे. मोठ्या रस्त्याखालून जाणारा तो भुयारी मार्ग आहे. तो झाला, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या वाटा एकमेकींना मिळतील. पण खर्च फार आहे.

'ड' वाट बंद पडलेल्या रेल्वेच्या जमिनीवरून जाईल. ती शहराची दोन टोके जोडेल. आज तेथे वस्ती विरळ आहे.

आता प्रत्येक वाटेला चार कसोट्यांवर पाचपैकी गुण देऊ.

| वाट | जवळ राहणारे लोक | जोडणी | जागेची सोय | खर्चाची बचत | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| अ | १ | १ | ५ | ४ | ११ |
| ब | ५ | ४ | ४ | ३ | १६ |
| क | ४ | ५ | ३ | १ | १३ |
| ड | २ | ४ | ३ | ३ | १२ |

'ब' वाट पहिली आली. तलावाकाठची 'अ' वाट सर्वांत सुंदर आहे. पण तिचा क्रम शेवटचा लागला. चित्रात जी वाट शोभून दिसते, तीच लोकांच्या रोज उपयोगी पडते असे नाही, हे येथे ध्यानात घ्या.

आता एक गंमत करून पाहा. समजा, कोणी म्हणाले, 'आमच्या दृष्टीने खर्च सर्वांत महत्त्वाचा. त्याचे गुण दुप्पट धरा.' मग बेरीज बदलते. अ १५, ब १९, क १४ आणि ड १५. 'ब' अजूनही पहिली आहे. पण दुसऱ्या क्रमांकावरची 'क' थेट शेवटी गेली! वाटा त्याच, जमीन तीच. फक्त आपण कशाला महत्त्व दिले ते बदलले. म्हणून लक्षात ठेवा, आकडे आपोआप निर्णय देत नाहीत. कशाला किती महत्त्व द्यायचे, हे माणसांनाच ठरवावे लागते. ते उघडपणे, सर्वांना सांगून ठरवले, तर लोकांचा विश्वास बसतो.

दोन सावध सूचना

हिशेब झाला. तरीही चांगला नियोजनकार लगेच वही मिटत नाही. तो आणखी दोन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : वाट कोठे तुटते? दहा किलोमीटरची सुंदर वाट असावी आणि मधेच ती एका वाहत्या रस्त्यापाशी संपावी. मग काय होईल? मोठी माणसे जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतील. मुले, म्हातारी माणसे आणि चाकांच्या खुर्चीवर बसणारे लोक मात्र तेथूनच मागे फिरतील. म्हणजे साखळीची एक कडी निखळली, तर उरलेली साखळी असून नसल्यासारखी. कल्लंग नदीकाठच्या मार्गावर हाच अनुभव आला. तो मार्ग मोठ्या रस्त्यांना छेदत होता आणि तेथे लोकांना थांबावे, वळसा घ्यावा, सायकल हाताने ढकलावी लागे. म्हणून पुढे अशा ठिकाणी सायकलींसाठी पूल व भुयारी मार्ग बांधण्याची योजना आखण्यात आली. आपल्या यादीतली 'क' वाट लांबीने लहान आणि खर्चाने मोठी असली, तरी तिला विसरून चालणार नाही, ते याच कारणाने.

दुसरा प्रश्न : आज सोडले, तर कायमचे काय हातचे जाईल? नाला उद्याही तेथेच राहणार आहे. पण रेल्वेची रिकामी जमीन? तिच्यावर एकदा इमारती उभ्या राहिल्या, की ती वाट पुन्हा कधीच मिळणार नाही. चोवीस किलोमीटर लांबीच्या पट्टीतले फक्त दोनशे मीटर जरी विकले गेले, तरी पट्टीचे दोन तुकडे होतात.

हे उदाहरण कल्पनेतले नाही. मलेशियाहून येणारी रेल्वे पूर्वी सिंगापूरच्या दक्षिणेकडील तांजोंग पगार स्थानकापर्यंत धावत असे. ३० जून २०११ रोजी त्या स्थानकातून शेवटची गाडी सुटली. ती स्वतः जोहोरच्या सुलतानांनी चालवली. दुसऱ्या दिवशी सुमारे २४ किलोमीटर लांबीची ती जमीन सिंगापूरकडे आली. जमिनीची टंचाई असलेल्या देशात एवढी जागा मोकळी झाल्यावर तिच्यावर किती जणांची नजर असेल, याची कल्पना करा. घरेही हवीत, रस्तेही हवेत. पण नेचर सोसायटी या निसर्गप्रेमी संस्थेने २०१० मध्येच एक प्रस्ताव मांडला होता. ही पट्टी तुकडे न करता अखंड हिरवी ठेवावी, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने लोकांची मते ऐकली. रूळ निघाले, पण जुने दोन लोखंडी पूल स्मृती म्हणून ठेवले गेले. वाट मात्र एकदम बांधली नाही. आधी ती राखून ठेवली आणि मग टप्प्याटप्प्याने सुधारली. तिचा मधला भाग २०२१ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

यातून आपल्याला एक मोठी गोष्ट शिकता येते. बांधणे आणि राखून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ब' वाट आज बांधावी. 'ड' वाटेची जमीन आज राखून ठेवावी. बांधायला पैसे लागतात. राखायला नकाशावरची एक पक्की रेघ आणि ती न पुसण्याचा निश्चय लागतो.

वाट फक्त माणसांची नाही

नकाशावर रेघा ओढताना आणखी कोणाची तरी आठवण ठेवावी लागते. सिंगापूरच्या मध्यभागी जंगल आहे. १९८० च्या दशकात त्यातून एक रुंद, वेगवान रस्ता गेला आणि जंगलाचे दोन भाग झाले. रस्ता ओलांडताना प्राणी गाड्यांखाली सापडत. २०१३ मध्ये त्या रस्त्यावर ६२ मीटर लांबीचा एक पूल बांधला गेला. पण त्यावरून गाडी जात नाही आणि माणसालाही जाण्याची परवानगी नाही. पुलावर माती टाकून झाडे लावली आहेत. तो पूल वन्य प्राण्यांसाठी आहे. लाजाळू खवले मांजरही त्या पुलावर कॅमेऱ्यांत टिपले गेले आहे.

पाण्याचीही अशीच गोष्ट आहे. बिशान येथील बागेच्या कडेने सिमेंटचा सरळ कालवा जात होता. २००९ ते २०१२ या काळात तो फोडून तेथे वळणे घेत वाहणारी नदी तयार केली. काठावर गवत आणि झाडे आली. जोराचा पाऊस आला, की पाणी बागेच्या सखल भागात पसरते आणि ओसरल्यावर मुले पुन्हा तेथे खेळतात. तीच जागा बागही आहे आणि पुरासाठी राखलेली जागाही आहे.

वाट बांधली, पुढे काय?

वाट बांधून झाली म्हणजे काम संपले, असे समजू नका. झाडांना पाणी हवे. दिवे लागले पाहिजेत. कचरा उचलला पाहिजे. शिवाय वाटेवर शिस्तही हवी. सायकल आणि पायी चालणारा माणूस एकाच वाटेवर आले, की धक्का लागण्याची भीती असते. म्हणून सिंगापूरमध्ये अशा सामाईक मार्गांवर ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा घातलेली आहे. वाट सर्वांची असते, म्हणूनच तिची काळजीही सर्वांनी घ्यायची असते.

मित्रांनो, आता पुन्हा आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळा. तुमचा धाकटा भाऊ बागेपर्यंत एकटा जाऊ शकेल का? वाटांच्या कोणत्याही जाळ्याची खरी परीक्षा हीच आहे. किती किलोमीटर वाटा झाल्या, हा आकडा फलकावर लिहिता येतो. पण ज्या दिवशी आई निर्धास्तपणे म्हणते, 'जा, खेळून ये,' त्या दिवशी ती वाट खऱ्या अर्थाने पुरी होते.

शब्दार्थ

पदपथ – पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला केलेली वाट
नियोजनकार – काम कसे करायचे याची आधी आखणी करणारा
अग्रक्रम – आधीचे स्थान, पहिला मान
कसोटी – पारखण्याचे साधन
सखल – खोलगट, उताराच्या तळाची (जमीन)
विरळ – दाट नसलेली
अखंड – न तुटलेले, सलग
सामाईक – सर्वांच्या वापराचे
निर्धास्त – भीती किंवा काळजी नसलेला

वाक्प्रचार

संकल्प सोडणे – निश्चय करणे
जीव मुठीत धरणे – खूप भीत भीत एखादी गोष्ट करणे
हातचे जाणे – मिळण्यासारखी गोष्ट गमावणे
वळसा घेणे – लांबच्या मार्गाने जाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) हरितमार्ग कशाला म्हणतात?
(२) नाल्याच्या काठची पट्टी मोकळी का ठेवलेली असते?
(३) तांजोंग पगार स्थानकातून शेवटची गाडी केव्हा सुटली?
(४) २०१३ मध्ये बांधलेला पूल कोणासाठी आहे?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) १९६७ साली सिंगापूरला ......... करण्याचा संकल्प सोडण्यात आला.
(२) पूर्व किनाऱ्यावरचे वर्तुळ ......... किलोमीटर लांबीचे आहे.
(३) आकडे आपोआप ......... देत नाहीत.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) तलावाकाठची 'अ' वाट सुंदर असूनही तिचा क्रम शेवटचा लागला.
(२) रेल्वेच्या जमिनीचा निर्णय लवकर घेणे आवश्यक होते.
(३) सामाईक मार्गांवर वेगमर्यादा घातलेली आहे.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) 'बांधणे आणि राखून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(२) पाठातील तक्त्यात 'जवळ राहणारे लोक' या कसोटीचे गुण दुप्पट धरा. चारही वाटांची नवीन बेरीज करा. क्रम बदलतो का, ते सांगा.
(३) तुमच्या मते पाचवी कसोटी कोणती असावी? का?

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
जीव मुठीत धरणे, हातचे जाणे, वळसा घेणे

भाषाभ्यास

जमीन, शहर, बाग, नकाशा, हिशेब, रस्ता हे या पाठातील शब्द तुम्हांला ओळखीचे वाटले असतील. उर्दूतही ते थोड्याफार फरकाने येतात. परंतु त्यांचे लिंग दोन्ही भाषांत नेहमी सारखे नसते. उर्दूत 'बाग' पुल्लिंगी आहे; मराठीत आपण 'ती बाग' म्हणतो. उर्दूत 'शहर' पुल्लिंगी आहे. मराठीत 'ते शहर' म्हणतो. 'ते' हे नपुंसकलिंग उर्दूत नाही.
पुढील शब्दांपूर्वी तो, ती, ते यांपैकी योग्य शब्द लिहा : जमीन, नकाशा, रस्ता, जंगल, वाट, पूल, झाड.

उपक्रम

चार-पाच जणांचा गट करा. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील भागाचा साधा नकाशा काढा. त्यात शाळा, मैदान, बाग, नाला आणि मोठे रस्ते दाखवा. मुलांना जेथे रस्ता ओलांडायला भीती वाटते, तेथे लाल खूण करा. तीन नव्या वाटा सुचवा. त्यांना गुण द्या आणि आधी कोणती वाट करावी, ते वर्गात कारणांसह सांगा.